पाऊस घाटघरला, पाणी नेवाशाला: अकोले तालुका समजून घेताना

आधी एक खुलासा. अकोला म्हणजे विदर्भातले शहर, अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा तालुका. एका मात्रेच्या फरकाने मोबाइलचा नकाशा काहीशे किलोमीटर भलतीकडे नेऊन ठेवतो. रस्ता शोधताना तालुक्याचे नाव टाकण्यापेक्षा शेंडी (भंडारदरा धरणाजवळचे गाव), राजूर, बारी, पाचनई असे नेमके गाव टाकलेले बरे.

भंडारदरा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी ही नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात. ती सगळी या एकाच तालुक्यात आहेत हे मात्र पुष्कळदा लक्षात येत नाही. शिवाय ती एकमेकांशी बांधलेली आहेत. रंधा धबधबा जानेवारीत कोरडा का, साखर कारखाने लोणीकडे आणि धरण इकडे का, अलंग-मदनला दोर का लागतो, काजवे मे महिन्याच्या शेवटीच का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात. तालुक्याचा कडा पश्चिमेला आहे आणि उतार पूर्वेला.

कडा पश्चिमेला, उतार पूर्वेला

घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिले की समोर जमीन संपते. खाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका, आणि तिथून पुढे समुद्रापर्यंत सखल कोकण. पाठ वळवली की जमीन हळूहळू पूर्वेला उतरत जाते: घाटघर, रतनवाडी, शेंडी, राजूर, अकोले, संगमनेर. घरावर एकाच बाजूला उतरते छप्पर असावे तसा हा प्रदेश आहे, फक्त छपराची उंच बाजू समुद्राकडे आहे.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून ओले वारे येतात. कोकण सपाट असल्याने तिथे त्यांना मोठा अडथळा नसतो. मग अचानक ही भिंत आडवी येते. हवेला वर चढावे लागते, वर चढताना ती थंड होते आणि थंड हवेत वाफ मावत नाही म्हणून ती पाऊस होऊन कोसळते. कडा ओलांडला की तीच हवा खाली उतरू लागते, गरम होते आणि पाऊस आटत जातो. म्हणून घाटघर-रतनवाडीला वर्षाला साधारण 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम 40 किलोमीटर पूर्वेला अकोले गावापर्यंत येता येता तो याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. एका तालुक्यात एका टोकाला भाताची खाचरे आणि दुसऱ्या टोकाला बाजरी दिसते ती यामुळे. पावसाळी पश्चिम भागाला इथले लोक डांगाण म्हणतात. आवणी (भातरोपांची लावणी), बाजार, लग्नाचे मुहूर्त, सगळ्याचे वेळापत्रक डांगाणात वेगळे आणि अकोल्याच्या मळ्यांत वेगळे.

पाऊस कड्यावर पडतो, पण कड्यावरून खाली कोकणात फार थोडा जातो. बाकी सगळा छपराच्या उताराने पूर्वेला निघतो. प्रवरा रतनगडाच्या अंगावर उगम पावते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरांत. आढळा ही तिसरी, धाकटी नदी उत्तरेकडच्या पट्टा-औंढा रांगेतून येते. शेवटी सगळे पाणी प्रवरेत आणि नेवासा तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत. ज्ञानेश्वरी सांगितली गेली (शके 1212, म्हणजे 1290) ती नेवाशाला प्रवरेच्या काठीच. रतनवाडीच्या मंदिरामागून वाहणारा ओहोळ आणि नेवाशाचा घाट यांचे पाणी एकच.

दगडाचे थर

सह्याद्री ज्वालामुखीचा आहे असे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर येतो. इथे तसे झाले नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. तो थिजला, काही काळ गेला, मग पुढचा लोट त्याच्यावर पसरला. असे थरावर थर. दख्खनच्या पठाराच्या या थरांची भूवैज्ञानिकांनी गटवारी केली आहे, तिच्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाईचेच नाव आहे.

प्रत्येक लोटाचे दोन भाग पडतात. मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट, काळा, उभ्या सांध्यांचा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, सच्छिद्र, लवकर झिजणारा. पुढचा लोट येण्यापूर्वी मध्ये बराच काळ गेला असेल तर वरच्या भागाची माती होऊन लाल पट्टा तयार होतो. आता हा डोंगर लाखो वर्षे पावसात ठेवला तर काय होईल? मऊ थर झिजून मागे सरकतो आणि तिथे माची, म्हणजे सपाट पायरी, होते. घट्ट थराला खालून आधार उरला नाही की तो उभ्या सांध्यावर तुटून कडा होतो. कडा, माची, पुन्हा कडा, पुन्हा माची. किल्ला बांधणाऱ्यांना अर्धे काम निसर्गाने करून दिलेले मिळाले.

रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कड्यातले आरपार भोक, हेही झिजेचेच काम. गडांवरची पाण्याची टाकी घट्ट थरात खोदलेली असतात. त्या दगडातून पाणी पाझरत नाही, म्हणून पावसात भरलेले टाके एप्रिलपर्यंत पुरते. अर्थात प्रत्येक टाक्याचे पाणी पिण्याजोगे नसते. ज्यात शेवाळ दाट आहे, किंवा ज्याच्या काठावर लोकांनी भांडी घासलेली दिसतात, त्याला हात लावू नये. स्वच्छ वाटणारेही गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून मगच प्यावे.

हरिश्चंद्रगड: सकाळचा आणि संध्याकाळचा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि तो सरळ उभा नाही, आत वळलेला, वाटीसारखा आहे. याचे दोन परिणाम दिसतात. एक, कोकणातून येणारा वारा वाटीत शिरून वर उसळतो, त्यामुळे कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. (म्हणून प्लास्टिकची पिशवी टाकून बघण्याचा खेळ लोकांनी सुरू केला आणि आता तो सगळा कचरा माथ्यावर व खालच्या झाडीत पसरलेला असतो.) दुसरा परिणाम इंद्रवज्राचा. आपल्या सावलीभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते त्याला इंद्रवज्र म्हणतात. 1835 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथून ते पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी सूर्य बरोबर पाठीमागे आणि समोर खाली धुके हवे. कडा पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य पाठीमागे फक्त सकाळी. वाटीत धुके साचते ते पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. संध्याकाळी सूर्यास्त सुंदर दिसेल, पण इंद्रवज्राची वाट पाहण्यात अर्थ नाही.

गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर, शेजारची पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा हा दुसरा खजिना. केदारेश्वराच्या गुहेत मोठे शिवलिंग आहे, भोवती कमरेइतके बर्फगार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा पडला की कलियुग संपणार, अशी कथा सांगतात. पाण्यात उतरणाऱ्याला मात्र युगापेक्षा तळाचा निसरडा दगड जास्त जवळचा. चांगदेवांनी इथे तप केले आणि शके 1234 मध्ये, म्हणजे 1312 च्या सुमारास, तत्त्वसार हा ग्रंथ इथे रचला अशी नोंद आहे. नेवासा आणि हा गड, दोन्हीकडे मराठी इतकी जुनी आहे.

वाटा तीन महत्त्वाच्या. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन ते तीन तास, बऱ्याच भागात कड्याच्या पोटातून आडवी जाते. खिरेश्वरची वाट जुन्नर तालुक्यातून, तोलार खिंडीतून येते. ती लांब असून खिंडीनंतर खडकावरून चढावे लागते. तिसरी नळीची वाट, कोकणातल्या बेलपाड्याहून घळीतून थेट वर. ती जाणकार माणूस आणि दोर नसताना करू नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण नळी म्हणजे पाण्याचीच वाट. नवख्यांचा नेहमीचा घोटाळा पाचनईच्या परतीच्या वाटेवर होतो. कोकणकड्यावर सूर्यास्त पाहायचा आणि मग अंधारात उतरायचे. कड्याच्या पोटातल्या त्या आडव्या वाटेवर अनेक ओहोळ वाट तोडून जातात आणि बॅटरीच्या उजेडात ओहोळाची पायवाट आणि खरी पायवाट सारखीच दिसते. सूर्यास्त पाहायचा असेल तर मुक्काम धरूनच जावे.

कळसूबाई

1,646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण. नेहमीची वाट बारी गावातून. चढाई साधारण 850 ते 900 मीटर उंचीची, चालायला तीन ते चार तास, उतरायला अडीच-तीन. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्या आहेत आणि वर कळसूबाईचे छोटे देऊळ. नवरात्रात जत्रा भरते, त्या वेळी ट्रेकिंगचे बूट घातलेल्यांपेक्षा अनवाणी चढणाऱ्या आजीबाई पुढे असतात.

वाट चुकण्याचा प्रश्न इथे फारसा नाही. अडचण शिड्यांपाशी येते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, रांग तासभर हलत नाही आणि ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभे राहिल्याने अंग गारठते. शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, नाहीतर पहाटे पाचला चढायला लागावे. विजा चमकू लागल्या तर शिडीवर किंवा माथ्यावर थांबू नये. लोखंड आणि सर्वांत उंच जागा, दोन्ही त्या वेळी वाईट. माणशी तीन लिटर पाणी धरावे. ऑक्टोबरनंतर उन्हात सावली जवळजवळ नाही.

कळसूबाईच्या पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका रांगेत दिसतात. मराठी राज्य गेल्यावर, 1818 नंतर, इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. गडावर पुन्हा कोणी ठाण मांडू नये हा हेतू. अलंग आणि मदनला आज दोर लागतो तो त्यामुळे.

पायऱ्या गेल्या आणि वतनेही

पायऱ्या गेल्या तेव्हा आणखी काही गेले. या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती जुनी आहे. घाटवाटा आणि गड राखण्याचे काम कोळी नाईकांकडे असे, त्याबद्दल त्यांना हक्क आणि मानधन मिळे. इंग्रजांनी हे हक्क काढून घेतले किंवा कापले, शेतसारा रोखीत मागितला. रोख आणायची कुठून? सावकाराकडून. मग जमीन सावकाराकडे. देवगावचे राघोजी भांगरे यांचे 1840 च्या दशकातले बंड या साखळीतून उभे राहिले. सावकारांच्या वह्या जाळणे आणि नाक कापणे हे त्यातले प्रसंग लोक अजून सांगतात. डोंगराची माहिती आणि गावोगावची साथ यांवर त्यांनी सरकारला अनेक वर्षे हुलकावणी दिली. अखेर ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले.

वाटा ठाऊक असण्याचे महत्त्व त्याआधी सुमारे एकशे पासष्ट वर्षांपूर्वीही दिसले होते. 1679 मध्ये जालन्याची लूट घेऊन परतताना संगमनेरजवळ शिवाजी महाराजांना मुघल फौजेने गाठले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने त्यांना पट्टा किल्ल्यावर आणले. महाराज तिथे काही दिवस राहिले आणि किल्ल्याचे नाव विश्रामगड झाले. लहान मुले, वयस्कर माणसे बरोबर असतील तर या तालुक्यातला हाच गड निवडावा. चढ तासाभराचा, माथा प्रशस्त, अवघड टप्पा नाही.

धरण: आकडे वाचायचे कसे

प्रवरेवर भंडारदऱ्याला जे धरण आहे त्याचे मूळ नाव विल्सन डॅम. 1910 मध्ये काम सुरू झाले, 1926 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. दगडी भिंत, उंची सुमारे 82 मीटर म्हणजे 270 फूट. 1969 मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती वाढली, तेव्हा मागच्या बाजूने टेकूच्या भिंती बांधून तिला बळकटी दिली. खालच्या बागेतून पाहिले तर ते उभे टेकू स्पष्ट दिसतात.

साठवण 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे 11 टीएमसी. पावसाळ्यात बातम्यांत येणारे हे शब्द समजायला सोपे आहेत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे 2,830 कोटी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. 11,574 क्युसेकचा विसर्ग सलग 24 तास चालला की एक टीएमसी पाणी निघून जाते. म्हणजे ‘भंडारदऱ्यातून 5,000 क्युसेक’ असे वाचले की सरासरी सव्वादोन दिवसांत एक टीएमसी असा हिशेब मनात करता येतो. 15 ऑगस्टच्या आसपास धरण भरले की वर्ष सुरळीत, असा इथला जुना आडाखा.

भिंतीच्या एका निर्गमातून सुटलेले पाणी गोल खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते, तो अंब्रेला फॉल. मनुष्याने केलेला धबधबा आहे हा. पाणी सोडले तरच दिसतो.

रंधा मात्र खरा धबधबा. प्रवरा इथे सुमारे 170 फूट खाली उडी घेते. पण त्याच्या थोडे वर बांध घालून पाणी बोगद्याने कोदणीच्या 34 मेगावॅट वीजगृहाकडे वळवले आहे. त्यामुळे नदीत पाणी असूनही रंधा कोरडा असू शकतो. जोरदार पाऊस असेल किंवा धरणातून मोठा विसर्ग चालू असेल तेव्हाच तो पूर्ण रूपात दिसतो. डिसेंबरात रंधा पाहायला आलेल्या पाहुण्याला काळा खडक आणि वळवलेले पाणी एवढेच दिसते, आणि तो उगाच गाइडवर चिडतो.

इतके पाणी अडवले कोणासाठी? तर पूर्वेकडच्या उतारासाठी. प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागात ऊस आणला, आणि त्यातून 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धरण ज्यांच्या डोक्यावर आहे त्या डांगाणातली भातखाचरे मात्र पावसावरच राहिली आणि मार्चनंतर हंड्यांची रांग लागत राहिली. हा सल इथे खोल आहे. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरणाचा (सुमारे 8.3 टीएमसी) प्रकल्प 1970 मध्ये मंजूर झाला, कालव्यातून पाणी प्रत्यक्ष धावले ते 2023 मध्ये. आता वाटपाला आणखी एक हिस्सेदार आहे. गोदावरी खोऱ्यात कमी पाऊस झाला आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडी धरणात ठरावीक प्रमाणात पाणी नसले तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. प्रत्येक कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबरात अकोले-संगमनेर विरुद्ध मराठवाडा असे जे वादळ उठते त्याचे मूळ या तारखेत आहे.

घाटघरला पाण्याचा आणखी एक खेळ चालतो, उदंचन प्रकल्प. कड्याच्या वर एक जलाशय, कड्याच्या खाली चोंढ्याला दुसरा, मध्ये बोगदे आणि सुमारे 400 मीटरांची उंची. विजेची मागणी वाढते त्या वेळी वरचे पाणी खाली सोडून 250 मेगावॅट वीज तयार होते. मागणी कमी असते त्या वेळी शिल्लक विजेने तेच पाणी पुन्हा वर चढवले जाते. चढवायला वीज जास्त लागते, मिळते कमी. तरीही परवडते, कारण जिथे वीज वाया जाणार होती तिथे ती साठवली जाते आणि टंचाईच्या तासाला हाती येते. साध्या भाषेत, डोंगराची बॅटरी.

सांदण दरी

साम्रद गावापासून चालत थोड्या अंतरावर जमिनीला एक खोल चीर पडली आहे. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. खडकातल्या उभ्या कमजोर रेषेवर पाणी वर्षानुवर्षे काम करत राहिले त्याचा हा परिणाम. दरी कोकणाच्या बाजूने उघडते.

सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला साधारण गुडघाभर, दुसरा ऋतूनुसार कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत. मोबाइल आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डोक्यावर धरावेत. पुढे पायाखाली घरांएवढे दगड. तळव्याची पकड चांगली असलेले बूट नसतील तर घोटा मुरगळतो, आणि दरीतून माणूस उचलून आणणे हे मोठेच काम. पहिल्या मोठ्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरणे हा एका दिवसाचा, बहुतेकांना जमणारा कार्यक्रम. त्यापुढे दोराने उतरायचे टप्पे आहेत. ते अनुभवी पथकाबरोबरच.

पावसाळ्यात इथे जायचे नाही. कारण नीट समजून घ्यावे: आत असताना वर आभाळाची फक्त पट्टी दिसते. डोक्यावर ऊन असले तरी मागच्या पठारावर पाऊस पडत असू शकतो, ते पाणी याच चिरेतून येते आणि बाजूला चढायला जागा नसते. म्हणून मेअखेरीच्या वळवाच्या पावसातही साम्रदच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नये.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर या वाटेवरच आहे. भूमिज शैलीचे शिखर, काळ्या दगडातले बारीक कोरीव काम, आत जायला दोन्ही बाजूंनी दारे. नद्यांच्या उगमांपाशी शिवमंदिरे बांधणाऱ्या झंझ राजाचे हे काम, असे परंपरा सांगते. भर पावसात गाभाऱ्यातले लिंग पाण्याखाली जाते. मंदिर पाहून तीन-चार तासांत रतनगड चढता येतो. त्याच्यावर आणि आसपासच्या गडांवर आग्या मोहोळे असतात. खाली धूर करणे, कड्याला लागून स्वयंपाक मांडणे, अंगावर अत्तराचा फवारा मारणे, यांतले काहीही महागात पडते.

शेत, गुरे, काजवे

एप्रिलच्या सुमारास डांगाणात शेताच्या कोपऱ्यातून धूर निघताना दिसतो. ही राबभाजणी. ज्या वाफ्यात भाताची रोपे वाढवायची तिथे शेण, पालापाचोळा, काटक्या, गवत यांचे थर देतात, वर माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात, म्हणजे आग हळू सरकते आणि माती खोलवर भाजते. त्याने तणाचे बी मरते, राख खताला होते आणि माती भुसभुशीत झाल्याने रोप मूळ न तुटता उपटता येते. पाऊस लागला की पेरणी, जुलैत चिखलणी आणि आवणी. काळभात, जिरवेल हे इथले जुने वाण अजून टिकून आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी बियाणे जपून ठेवले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. सप्टेंबरच्या शेवटी डोंगर पिवळा दिसतो तो काही सोनकीने, काही खुरासणीने. खुरासणीचे शेत हे कोणाचे तरी तेलाचे पीक आहे, फोटोसाठी त्यात शिरू नये.

चिखलात आणि चार महिन्यांच्या पावसात साधे बैल टिकत नाहीत. इथली डांगी जात त्यासाठीच घडलेली. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगात मुरत नाही, आणि काळे खूर कठीण असल्याने चिखलात सडत नाहीत. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. डिसेंबराच्या सुमारास तिकडे असाल तर धबधब्यापेक्षा ते पाहा.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. काजव्याचे आयुष्य बहुतेक अळीच्या रूपात, ओल्या पालापाचोळ्यात गोगलगाई खाण्यात जाते. पंख फुटलेला कीटक थोडेच दिवस जगतो आणि त्या दिवसांत त्याला जोडीदार शोधायचा असतो. उजेड हा त्याचा निरोप. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे जमून एका लयीत लुकलुकतात. पाऊस जोरात सुरू झाला की संपले. गाडीचे दिवे, मोबाइलची बॅटरी, फ्लॅश लागला की त्यांचे निरोप पोहोचत नाहीत. पाय वाटेबाहेर पडला की अंडी घालायला जमिनीवर उतरलेले काजवे चिरडतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 पासून आहे, त्यामुळे वनखाते नाक्यावर शुल्क घेते आणि रात्रीच्या वेळेची मर्यादा घालते. शनिवारी या रस्त्यांवर गाड्यांच्या दिव्यांची रांग काजव्यांपेक्षा जास्त चमकते. मंगळवारी किंवा बुधवारी, अमावस्येच्या जवळपास, गाडी गावात लावून चालत जाणाऱ्याला झाड पूर्ण दिसते.

पोहोचायचे कसे

मुंबईहून घोटीला महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडीला यावे. रेल्वेने इगतपुरी जवळचे. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर हा सरळ रस्ता. हरिश्चंद्रगडाला जायचे तर आळेफाट्याहून बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे पाचनई जवळ पडते. शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशा गावांतून फिरतो. अंतर चाळीसेक किलोमीटर असले तरी थांबत गेल्यास पूर्ण दिवस धरावा. पावसात धुके दहा फुटांवर येते आणि दरडीचे दगड रस्त्यावर पडतात, तेव्हा अंधार पडण्याआधी शेंडीत परत यावे. डांगाणात मोबाइलची रेंज तुकड्यातुकड्यात मिळते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. टाकी अकोल्यात किंवा घोटीतच भरून घ्यावी आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. घरगुती जेवण हवे असेल तर सकाळीच सांगून ठेवावे. भाकरी, पिठले, नागलीचे पापड आणि भात हे ताजे होते, पण लाकडाच्या चुलीवर दहा माणसांचे जेवण व्हायला दीड तास लागतो.